कराराची मागची बाजू

“तुम्ही मला फसवलंत. चुकून नाही, ठरवून फसवलंत. आणि आता वर तोंड करून मलाच विचारताय, वाचलं नव्हतं का म्हणून.”

झेरॉक्सवाल्या बाई उभ्यानंच बोलल्या. नणंद शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. टेबलापलीकडं साहेब. मशीन भाड्यानं देणाऱ्या कंपनीत करार सांभाळायचं काम त्यांचं. चेहऱ्यानं अगदी गरीब. अशा टेबलामागं नेहमी गरीब चेहऱ्याचाच माणूस बसवतात, म्हणजे समोरच्याला शिवी देताना लाज वाटते.

“ताई, कलम चौदा,” साहेब म्हणाले. “मुदत संपायच्या साठ दिवस आधी पत्रानं कळवायचं, मशीन परत न्या म्हणून. नाही कळवलं तर करार आपोआप बारा महिने पुढं जातो. तुमची मुदत परवा संपली. पत्र आलेलं नाही.”

“अडीच महिने आधी सांगितलंय. तुमचा माणूस मशीन उघडून बसला होता, त्याच्या तोंडावर सांगितलं.”

“तो मेकॅनिक. दुरुस्तीची कंपनी वेगळी, आमची वेगळी.”

“त्याच्या शर्टावर तुमचं नाव होतं.”

“शर्ट आमचा,” साहेब म्हणाले. “माणूस त्यांचा.”

नणंदेनं कपाळाला हात लावला. “साहेब, माझा दादा तीन महिने झाले माझ्याकडं पडून आहे. इथून रात्रभराचा प्रवास. त्याचं अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीय. डॉक्टर म्हणतात, बोलणं येईल परत, पण रोज आपल्या माणसानं समोर बसून बोलतं करायला पाहिजे. माझ्यासमोर तो तोंड उघडत नाही. दाराकडं बघत बसतो, ही येईल म्हणून. आणि हिला तुमचं यंत्र सोडत नाही. मशीन आहे का सवत?”

“करार मोडता येतो,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “बारा महिन्यांचं भाडं एकदम भरलं की झालं.”

म्हणजे भरायचं तर दुकान चालवायचं, आणि दुकान चालवायचं तर इथंच राहायचं. तिकडं नवरा दाराकडं बघणार. हे साहेबांनाही कळत होतं. न कळायला काय, शाळेतलं गणित आहे.

“कराराची प्रत तुमच्याकडं होती ना ताई?”

बाईंनी पिशवीतून कागद काढला. नवं मशीन बसलं त्या दिवशीची पहिली झेरॉक्स. मशीन विकायला आलेला तो गोडबोल्या सही होताच म्हणाला होता, ओरिजनल मी नेतो, तुम्ही ही निवांत वाचा. धंद्याच्या सवयीनं बाईंनी कागद उलटवून मागची बाजूही काढली होती. मूळ कागदावर तिथं काहीतरी फिकट करडं होतं. मशीनमधून ते पांढरंशुभ्र होऊन आलं. जुनं मशीन प्रत्येक कागदावर काळे ठिपके पाडायचं आणि गिऱ्हाइकं दहा गोष्टी ऐकवायची. त्यामुळं बाईंना वाटलं, काय मशीन आहे, कागदाचा मळसुद्धा धरत नाही. नवऱ्यानं तो कोरा कागद उजेडात धरून वा म्हटलं होतं.

“वीस वर्षं हेच करतेय,” बाई म्हणाल्या. “अक्षर फिकट असलं की मशीन त्याला मळ समजतं आणि पुसून टाकतं. रोज लोकांना सांगते, थांबा, गडद करून देते. माझ्या कागदाला विसरले. ही माझी चूक. कबूल करते. आता तुमची बघू. ओरिजनल काढा.”

साहेबांनी फाईल उघडली. कराराच्या पाठीवर करड्या शाईत मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं होती.

“आता तुमच्या त्या मशीनवर याची झेरॉक्स काढा. दोन्ही बाजू. बटणांना हात लावू नका.”

“ताई, त्यानं काय होणार?”

“काढा तर.”

मागं बाकावर एक शिंपी आणि एक शिकवणीवाले मास्तर आपापल्या मशीनचे करार घेऊन थांबले होते. त्यांच्यासमोर नाही म्हणणं साहेबांना जमलं नाही. ते उठले. मशीन दोनदा घुरघुरलं. कागद ऊनऊन बाहेर आला. पुढची बाजू काळीभोर. कंपनीचं नाव, भाड्याचा आकडा, सहीची जागा, सगळं ठळक. मागची बाजू कोरी.

मास्तरांनी आपल्या हातातली कराराची प्रत झटकन उलटी करून बघितली.

“बघा,” नणंद म्हणाली, “यंत्रालासुद्धा कळलं, हा मळ आहे म्हणून.”

बाईंनी तो कोरा कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं.

“चौदावं कलम वाचून दाखवा.”

साहेबांनी समोर बघत सुरू केलं. “कलम चौदा. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी भाडेकरूनं लेखी स्वरूपात...”

“घोकलेलं नको. तुम्ही रोज म्हणता, तुमचं तोंडपाठ असणारच. यातून वाचा. हाच कागद आमच्या हातात देऊन ओरिजनल घेऊन जाता ना? मग यातूनच वाचा.”

साहेबांनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मास्तर उठून बाईंच्या मागं येऊन उभे राहिले. शिंपीही आला.

“सांगा साहेब,” बाई म्हणाल्या. “कुठं लिहिलंय?”