अकोला विभाग : तक्रारी निरंक

“फोटो जोडलाय का मेलात?” भगवंतरावांनी विचारलं.

“हो सर. शेताचा आहे. पेरून दहा दिवस झाले, वावर कोरंच आहे म्हणतात,” अरीबा म्हणाली.

“मंग व्हायरसच तो. उघडू नको. रजिस्टरात लिही.”

अरीबानं लिहिलं. बियाण्यांच्या कंपनीच्या अकोल्यातल्या ऑफिसात ती कम्प्युटर सांभाळायची. भगवंतराव तिथले विभागीय व्यवस्थापक. त्या सकाळचा हा सातवा व्हायरस होता, आणि सातही सोयाबीनच्या एकाच लॉटबद्दलचे.

खरा व्हायरस आला होता एकदाच. चांदूर बाजारला इनायतुल्लांचं कृषी केंद्र. त्यांनी नेट कॅफेतून तक्रारीचा मेल धाडला, त्याच्यासोबत कॅफेतला किडाही आला, आणि ऑफिसातले तिन्ही कम्प्युटर दोन दिवस आडवे पडले. पुण्याच्या मुख्य ऑफिसनं लगोलग फर्मान काढलं. संशयित मेल उघडू नये, नोंद ठेवावी, पाठवणाऱ्यास समज द्यावी. दुसऱ्या कुणी ते वाचून फायलीला लावलं असतं. भगवंतरावांनी तीनदा वाचलं आणि त्यांना देव भेटल्यासारखं झालं.

कारण पुण्याचं दुसरंही एक फर्मान होतं. बियाण्याची तक्रार फक्त ईमेलनंच घ्यायची. फोन नको, पोस्ट नको, माणूस तर नकोच नको. आणि ज्या विभागात सगळ्यात कमी तक्रारी, तिथल्या व्यवस्थापकाला नागपूरची झोनल मॅनेजरची खुर्ची. भगवंतरावांचा जीव सहा वर्षांपासून त्या खुर्चीत अडकला होता. आता दोन फर्मानं एकमेकांना जोडायला काय मोठी अक्कल लागते? एवढी अक्कल कंपनीनं बियाण्यात घातली असती तर अर्धं वऱ्हाड हिरवं झालं असतं!

साल दोन हजार सात. शेतकरी गेल्याची बातमी रोजचीच झाल्यामुळे पेपरात आतल्या पानावर गेली होती. भगवंतराव पेपरचं पहिलं पानच वाचत.

समज मिळाली तशी इनायतुल्ला एसटीनं अकोल्याला आले. हातात कंपनीचं पत्र आणि काखेत एक ओलं गोणपाट.

“साहेब, तुमी लिवलं का माह्या कम्प्युटरले रोग लागला, इलाज करा. माह्या दुकानात कम्प्युटरच नाई. दवा कोनाले पाजू?”

भगवंतराव हसले. इनायतुल्ला हसले नाहीत. त्यांनी टेबलावर गोणपाट उलगडलं. थैलीत उरलेल्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून त्यांनी चार दिवस ओल्यात गुंडाळून ठेवले होते. बियाणं पारखायची ही घरोघरची रीत. कंपनीच्या सीलबंद थैलीची अशी पारख आधी कोणी करत नाही, भरवसा ठेवतात बिचारे. नऊ दाण्यांना मोड आले होते. बाकीचे सडून चिकट झाले होते. एसीच्या गारव्यात त्यांचा वास भरून राहिला.

“शंभरात नऊ, साहेब. दोनशे घरं माह्या शब्दावर थैल्या घेऊन गेले. आता दुकानासमोर येऊन बसून रायतात. बोलत बी नाई. दुसऱ्या पेरणीले आठ-दहा दिवस हायेत फक्त. मानूस पाठवा, वावर पाहा, चांगलं बी बदलून द्या. नाई तं हंगाम गेला समजा.”

“बरोबर आहे तुमचं, भाई. पण तक्रार ईमेलनंच पाठवा लागते.”

“धाडली ना! चारदा धाडली.”

“ते उघडता येत नाही. त्यात व्हायरस असते.”

“मंग हे गोनपाट काय ईमेलनं धाडू?”

“धाडा ना,” भगवंतराव म्हणाले. “फक्त फोटो नका जोडू.”

इनायतुल्ला गोणपाट तसंच टेबलावर सोडून निघून गेले. अरीबाला मात्र मान वर करवेना. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

जुलैच्या सुरुवातीला पुण्याला अहवाल गेला. टाईप करता करता अरीबानं विचारलं.

“सर, निरंकच लिहू?”

“निरंक म्हंजे निरंक. काहून, नोकरी जड झाली का?”

तक्रारी निरंक. व्हायरस दोनशे चौदा. अहवाल असा देखणा की भगवंतरावांनी त्याची एक प्रत घरी बायकोला दाखवायला नेली. नागपूरला भाड्याचं घरही बघून ठेवलं.

चौथ्या दिवशी पुण्याचा मेल आला. भगवंतरावांनी पेढे मागवले, शिपायापासून सगळ्यांना केबिनमध्ये उभं केलं आणि अरीबाला म्हणाले, “वाच. मोठ्यानं वाच.”

अरीबा वाचू लागली.

“आपली नागपूर येथे झोनल मॅनेजर म्हणून निवड करण्यात येत आहे. हार्दिक अभिनंदन.” टाळ्या पडल्या. भगवंतरावांनी पेढा तोंडात टाकला. “सदर सोयाबीन लॉट इतर अकरा जिल्ह्यांत उगवला नाही. केवळ आपल्या विभागातून एकही तक्रार नाही. यावरून हे बियाणे वऱ्हाडच्याच मातीला मानवते, असा आमच्या तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. सबब अकरा जिल्ह्यांतून परत आलेला सर्व माल, एकूण चौदा ट्रक, दुबार पेरणीसाठी आपल्याकडे रवाना केला आहे.”

भगवंतरावांचा पेढा गालातच राहिला.

“पुढं वाच,” ते कसंबसं म्हणाले.

“शेवटची थैली विकली गेली, की आपण नागपूरला रुजू व्हावे.”