पोस्टमास्तर जिंकत सुटतात

निवृत्त पोस्टमास्तरांच्या रक्ताच्या कर्करोगाने दोन केमोंना भीक घातली नाही, तेव्हा डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली. ही म्हणे सगळ्याच पेशींवर तुटून पडत नाही. बिघडलेलं एकच प्रथिन हुडकते आणि त्याचीच मानगूट धरते.

त्या दिवसापासून त्यांचा मेहुणा बुद्धिबळात रोज हरू लागला. तीस वर्षांत ज्याने एक प्यादं फुकट सोडलं नव्हतं, तो आता वजीर उघड्यावर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा. प्रत्येक विजयानंतर पोस्टमास्तर पटाकडे परत परत बघत. "मी इतका का जिंकतोय गं?" त्यांनी बायकोला विचारलं. "तुमचा खेळ सुधारलाय," म्हणत ती डोळे पुसत आत गेली.

आज मेहुणा दवाखान्यातून बोन मॅरोचा रिपोर्ट घेऊन आला. रिपोर्ट खिशातच ठेवून तो तडक पटावर बसला, अकराव्या खेळीला त्याने मात केली आणि वर म्हणाला, "असलं खेळतात होय, भावजी? जरा तरी लाज वाटू द्या."

पोस्टमास्तरांनी आत हाक दिली, "अगं, ऐकलंस का? गोळी लागू पडली."