अकॉर्डियनवाली बाई

उत्तर कोरियातून पळून दक्षिणेतल्या इंचॉन शहरात येऊन ग्योंग-ह्वाला वर्ष झालं होतं. तिकडे बावीस वर्षं तिचं पोट अकॉर्डियनवर चाललं होतं. इकडे मात्र फोनवर तिची बोली ऐकली, की लोक काम द्यायचं टाळत. शेवटी ज्येष्ठांच्या एका विरंगुळा केंद्राने तिला बोलावलं.

"आधी तिकडून पळून कशा आलात ते सांगा," मॅनेजर नामसाहेब म्हणाले. "लोक रडले, की पुढची कामं आपोआप मिळतात. मग वाजवा एखादं गाणं."

"रडवायला नाही आले, साहेब," अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवत ती म्हणाली. "वाजवायला आलेय. नाही आवडलं तर पुन्हा बोलावू नका."

तिने नाचाची एक जुनी चाल धरली. तिसऱ्या गाण्यापर्यंत काठ्या भिंतीला टेकल्या होत्या आणि आज्या आजोबांना हाताला धरून उठवत होत्या.

धापा टाकत एका आजींनी नामसाहेबांना विचारलं, "कुठली हो ही बाई?"

ग्योंग-ह्वाचे हात भात्यावरच थांबले.

नामसाहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"अकॉर्डियन वाजवतात त्या," ते म्हणाले. "आता दर गुरुवारी येतील."