पंच्याहत्तर टक्के हजेरी

"मेलेल्या माणसाची हजेरी मोजताय तुम्ही!"

तिचा आवाज एवढा चढला, की बाहेर बाकांवर बसलेल्यांच्या गप्पा थांबल्या. टेबलापलीकडे तिघं होते. मधे अध्यक्ष, शेजारी एक प्राध्यापक आणि टोकाला अपील विभागाची कारकून बाई. बाईपुढे आईची फाईल होती. फाईलवर तिने दोन्ही हात दाबून ठेवले होते, जणू कागद वाऱ्याने उडतील. खोलीतला पंखासुद्धा बंद होता.

आईला जाऊन दीड महिना झाला होता. आईचं घर आवरायला गेली तेव्हा दाराच्या फटीतून आत पडलेलं पत्र तिला सापडलं. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांहून कमी, सबब शिष्यवृत्ती बंद, प्रवेश निलंबित, पहिल्या वर्षाचा निकाल राखून ठेवण्यात आला आहे. आपल्या अपिलाच्या सुनावणीस स्वतः हजर राहावे.

तिने पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं. आई आणि कॉलेज? जन्मभर लोकांचे कपडे उसवून त्यांच्या मापाचे करून देणारी आई अठ्ठावन्नाव्या वर्षी वर्गात जाऊन बसत होती, आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या पोटच्या पोरीला त्याचा पत्ता नव्हता. आईने सांगितलं का नाही, हा राग कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं. इथे तीन माणसं आयती समोर बसली होती.

"ताई, जरा बसा," कारकून बाई म्हणाली. "मृत्यूचा दाखला जोडू आणि प्रकरण बंद करू. तुम्हाला पुन्हा खेटे नकोत."

"आणि निलंबनाचा शेरा?"

"तो राहील. पण आता त्याने काय फरक पडणार?"

"मला पडतो!" तिने पिशवीतून दवाखान्याचे कागद काढून टेबलावर आपटले. "आठ महिन्यांचे आहेत, वाचा. हाताला सलाईन लावलेल्या बाईने वर्गात येऊन 'हजर' म्हणायचं होतं का? पुसून टाका तो शेरा आणि निकाल द्या तिचा. पास झाली की नापास, एवढं तरी कळू दे मला."

अध्यक्षांनी कागद चाळले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यापुढे अजून अकरा प्रकरणं होती.

"हे मार्चपासूनचे आहेत," ते म्हणाले. "गैरहजेरी त्याच्या आधीची आहे, जुलै ते नोव्हेंबरची. तेव्हा त्या आजारी नव्हत्या."

"आजार काय कॅलेंडर बघून येतो? आधीपासून मुरत असेल अंगात. दुखलं-खुपलं तरी सांगायची सवयच नव्हती तिला."

"तसं धरता येत नाही हो." त्यांनी कारकून बाईकडे हात केला. "मूळ अर्जात काय कारण दिलंय बघू."

बाईने फाईल दिली नाही. "मी तोंडी सांगते, सर. घरगुती कारण आहे. त्याला दुजोरा म्हणून एक सही हवी होती, ती आली नाही. म्हणून अकरा महिने तारीख लांबत गेली."

"कुणाची सही?" तिने विचारलं.

बाईने फाईल आणखी जवळ ओढली.

"अकरा महिने अर्ज दाबून ठेवला, आणि आता खापर तिच्याच माथी? चोराच्या उलट्या बोंबा! आणा ती फाईल इकडे. काय दडवताय?"

"ताई, ऐका माझं. निर्णय पोस्टाने कळवू आम्ही. तुम्ही घरी जा. मनापासून सांगते."

"मनापासून? तुम्हाला मन आहे होय?"

प्राध्यापक उगाच खाकरले. कारकून बाईचा चेहरा लाल झाला. हात मात्र तिने फाईलवरून काढले नाहीत.

"दाखवून टाका हो," अध्यक्ष वैतागून म्हणाले. "त्यांचा हक्क आहे तो."

बाईने फाईल उघडली. एक कागद काढला, क्षणभर हातात धरला आणि तिच्या बाजूला फिरवून ठेवला.

"चार वेळा बोलावलं होतं मी तुमच्या आईंना," ती खाली बघत म्हणाली. "एका ओळीवर सही आणा म्हटलं, त्याच दिवशी तुमचं काम करते. नुसत्या हसायच्या."

आईचं अक्षर होतं. सुटं सुटं, प्रत्येक शब्दावरची रेघ मापाने कापल्यासारखी. ती उभ्यानेच वाचू लागली.

गैरहजेरीचे कारण, या छापील ओळीपुढे आईने लिहिलं होतं: दर मंगळवारी व शुक्रवारी माझी मुलगी बढतीच्या परीक्षेच्या क्लासला जाते. ती येईपर्यंत नात माझ्याकडे असते.

खाली लाल शाईत कार्यालयाचा शेरा होता: मुलीची सही आणावी.

त्याच्याही खाली, उरलेल्या जागेत, पुन्हा आईचं अक्षर: सही आणता येणार नाही. तिला कळले तर ती क्लास सोडून देईल. मी दिवसभर घरी रिकामीच असते, असे तिला वाटते. तसेच वाटू द्यावे, ही नम्र विनंती.