तिसरं सॉफ्टवेअर

रिकाम्या चौकटीतली उभी रेघ मिनिटाला छप्पन्न वेळा लुकलुकत होती. बाईंनी मनगटावरच्या घड्याळात बघून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा छप्पन्न.

चौकटीच्या वर प्रश्न होता : ही खोली भाड्याने देण्यासाठी आपण काय प्रयत्न केले?

"काहीतरी लिही आणि पुढे जा ना, आई," इस्त्री करता करता लेक म्हणाली. "सकाळपासून बघतेय. सॉफ्टवेअर निवडतेयस की जावई?"

"जावई महिनाभर फुकट वापरून बघता येत नाही," बाई म्हणाल्या.

शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईंचं कुठलीही गोष्ट एकदा मोजून समाधान होत नसे. म्हणून घरभाड्याचा कर भरायची तीन सॉफ्टवेअरं त्यांनी महिनाभर फुकट वापरायला घेतली होती आणि तिन्हींना एकच माहिती दिली होती. वरच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारा भाडेकरू, मधल्या मजल्यावर आम्ही मायलेकी, खालची खोली रिकामी. पहिल्या दोघांनी पाच मिनिटांत कराचा आकडा सांगितला, तोही अगदी सारखा. तिसरं मात्र 'रिकामी' या शब्दापाशी अडून बसलं. कधीपासून रिकामी? सात वर्षं, बाईंनी लिहिलं. आणि आता हा प्रश्न. उत्तर लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं.

"दोघांचं उत्तर जुळलं ना? मग तिसरं टाकून दे. वर्गात तूच सांगायचीस."

"दोघांना मी एकच खोटं सांगितलंय. जुळणारच."

लेकीने इस्त्री उभी करून ठेवली.

तसं ते खोटं बाईंचं नव्हतं. त्यांनी मागच्या रिटर्नमधला शब्द सवयीने उतरवला होता, इतकंच. दरवर्षी याच दिवशी अकरा वाजता दीर यायचे, कागदांची फाइल न्यायचे आणि आठवड्याभरात रिटर्न भरून आणून द्यायचे. त्या रिटर्नमध्ये खालची खोली रिकामी असायची. खरं तर तिथे दिरांच्या दुकानातल्या फरश्यांची खोकी पार छतापर्यंत रचलेली होती. उत्तरेच्या खिडकीपर्यंत बाईंना पोचताही येत नसे.

आणि इथे स्वयंपाकाच्या ओट्यावर, शेगडीला खेटून, सात बाटल्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी. कुणाच्या विहिरीचं पाणी, कुणाच्या गच्चीवरच्या टाकीचं, एक दवाखान्याच्या नळाचं. बाई पाणी तपासून देतात हे आता चार गल्ल्यांना ठाऊक झालं होतं. काल आमटीत परीक्षानळीचं बूच सापडलं तेव्हा लेक दोन तास बोलली नव्हती.

फाइलच्या तळाशी आलेखाचा एक कागद होता. त्यावर खालच्या खोलीचा आराखडा : उत्तरेच्या खिडकीखाली साडेसात फुटांचं टेबल, डाव्या हाताला बेसिन, वर नळ्यांसाठी मांडणी. दरवर्षी फाइल दिरांच्या हातात देण्याआधी बाई तो कागद काढून कपाटात ठेवत. फाइल परत आली की पुन्हा आत सरकवत.

त्यांचे कान गरम झाले होते. अनोळखी द्रावणात शेवटचा थेंब पडतो आणि रंग पालटणार असं वाटतं, त्या क्षणी व्हायचे तसे.

"सात वर्षांत मला हे कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "हेच घ्यायचं."

"अगं, तिन्हीत हेच महाग आहे."

"असेना. विचारतं तरी."

अकराला तीन मिनिटं कमी असताना बेल वाजली. दीर घाम पुसत आत आले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. "वहिनी, चहा नको, टेम्पो खाली उभा आहे. फाइल तेवढी द्या." मग त्यांना लॅपटॉप दिसला. "हे काय? माझी नोकरी गेली म्हणायची."

"यंदा मी भरतेय, भावोजी."

"भरा की. अडलं तर मी आहेच."

"अडलंय."

दिरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि प्रश्न वाचला. "एवढंच ना? लिहा, डागडुजी चालू आहे. गुपचूप पुढे जाईल."

"कसली डागडुजी?"

"कसलीही. ते काय बघायला येणार आहे?" त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, वर्षानुवर्षं सोप्या वाटलेल्या गोष्टीसारखं ते बोलले. "नाहीतर न विचारणारं घ्या एखादं. असलं अडेलतट्टू कशाला पोसायचं?"

लेकीने शर्टाची एकच बाही तिसऱ्यांदा इस्त्रीखाली घेतली.

बाईंनी फाइल उघडली. तळाचा कागद काढला. या वेळी त्या कपाटाकडे गेल्या नाहीत. दिरांच्या पुढ्यात टेबलावर त्यांनी तो उलगडला आणि तळव्याने सपाट केला.

"साडेसात फूट," दिरांनी वाचलं. "कशाचे?"

दिरांची नजर कागदावरून ओट्यावरच्या बाटल्यांकडे गेली, एकेका चिठ्ठीवरून सरकत दवाखान्याच्या बाटलीपर्यंत पोचली आणि पुन्हा कागदावर आली. पडद्यावर ती रेघ लुकलुकतच होती. बाईंनी आता ती मोजली नाही.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "टेम्पो खाली उभाच आहे, तर आजपासून खोकी न्यायला लागा. खालची खोली मला हवी आहे."