कपडे वाळत घालू का?

रोज सकाळी हवामान कचेरीत त्या बाईंचा फोन यायचा. "साहेब, कपडे बाहेर वाळत घालू का?"

अंदाज सांगणारा साहेब हातातलं काम बाजूला ठेवायचा. "खिडकीतून बघा बरं, ढग कसे आहेत?"

"पिंजलेल्या कापसासारखे. पांढरेशुभ्र."

"मग घाला खुशाल. काळे होऊन वर चढायला लागले, की आत घ्या."

आज फोन ठेवताना बाई म्हणाल्या, "किती मायेनं सांगता हो. आईनं चांगलं वळण लावलंय तुम्हाला."

"हो," तो एवढंच म्हणाला.

शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी हसली. "सर, कोण हो या रोजच्या बाई?"



"आई माझी. मला विसरली, पण माझ्या कचेरीचा नंबर अजून तोंडपाठ आहे तिला."