पंधरा रोज

"प्रश्नात 'कधी' हा शब्दच नाही, साहेब," रंगोपंत पटवारी हळूच म्हणाले.

तहसील कचेरीतले पेशकार निजामोद्दीन साहेबांनी पान चघळायचं थांबवून कागद पुन्हा वाचला. खरंच नव्हता. हैदराबादच्या कायदेमंडळात तालुक्याच्या वकील मेंबरांनी विचारलं होतं ते एवढंच: तालुका बोर्डाच्या निवडणुकीसाठी नावं नोंदवायची दवंडी या गावात दिली गेली काय? गावानं ती ऐकली काय? तो प्रश्न सभेतून सेक्रेटरीकडे गेला, तिथून सुभ्याला, जिल्ह्याला, तालुक्याला, आणि असा पायरी पायरी उतरत शेवटी पेशकारांच्या घोड्यावर बसून वडीगोद्रीजवळच्या या गावात आला. म्हणजे ज्याच्याबद्दल विचारलं होतं, उत्तर द्यायला तोच पटवारी बसला होता. सरकारची तशी रीतच होती.

उत्तर जाईपर्यंत मतदारांची यादी कायम करायची नाही, असा हुकूम होता. यादीत नावं अकरा. सात रंगोपंतांच्या भाऊबंदांची, चार देशमुखांची. सारा भरणारे आणखी पन्नास-बावन्न खातेदार गावात होते. पण नावं घालायची मुदत चार महिन्यांमागं, थंडीतल्या बहमन महिन्यात आली कधी आणि गेली कधी, ते कुणाला कळलंच नाही. देशमुख बोर्डाचे मेंबर. गावासाठी मंजूर झालेली विहीर मागच्या खेपेला त्यांच्या मळ्यात खोदली गेली होती. आता दुसरी मंजूर व्हायची होती, आणि देशमुखांना मळे दोन होते.

चावडीच्या पायरीशी गोजरबाई घागर टेकवून उभी होती. नवऱ्यामागं सोळा एकर तिच्या नावावर. पाणी मात्र अर्ध्या कोसावरच्या ओढ्यातून, झरा उकरून. वकिलाकडं अंबडला चालत जाऊन तक्रार सांगून आली ती हीच.

"क्यों रे, दवंडी दी थी?" पेशकारांनी कचरूला विचारलं. गावात डफ वाजवायचा हक्क त्याचा.

"न्हाई सरकार. मला कुणी सांगितलंच न्हाई."

"विसरला असेल," रंगोपंत म्हणाले. "म्हातारा झालाय. आता वाजवू द्या साहेब. दवंडी दिली, हेही खरं. गावानं ऐकली, हेही खरं. आपण खोटं कशाला लिहायचं?"

पेशकारांनी उन्हाकडं पाहिलं. खुर्दादचा महिना, घोडा बाभळीखाली शेपटी झटकत होता आणि जेवण देशमुखांकडं सांगितलेलं होतं. "बराबर है," ते म्हणाले.

रंगोपंतांनी दप्तरातून बहमनमधला हुकूम काढला. चार महिने तो तिथंच घडी घालून निजला होता. "हं कचरू, अक्षर न् अक्षर म्हणायचं. एक शब्द गाळलास तर यंदा बलुतं मागायला खळ्यावर येऊ नकोस."

कचरूनं डफ उचलला, पण हात हलेना. त्यानं गोजरबाईकडं बघितलं. सगळ्या गावात तिच्याच भरवशावर तो पेशकारांपुढं खरं बोलला होता.

"दे की दादा," ती म्हणाली. "पंत सांगतेत तर चांगली मोठ्यानं दे. पार वस्तीवर जाऊ दे आवाज."

रंगोपंत खूश झाले. बाई नरमली.

कचरू गावभर फिरला. "ऐका हो ऐका! तालुका बोर्डाची निवडणूक हाय! जो सारा भरतो त्यानं आपलं नाव घालाया आजपासून पंधरा रोजांत चावडीवर यावं हो!" डफ असा कडाडला की झोपलेली माणसं उठून बाहेर आली. तासाभरात चावडी भरली.

"दवंडी ऐकली का?" रंगोपंत एकेकाला विचारत.

"ऐकली की. कान फाटले."

"मग लाव अंगठा."

चौसष्ट अंगठे पडले. चौसष्टावा कचरूचा. पेशकारांनी खाली फर्मास सही ठोकली, आणि हाताला सवयच होती म्हणून सहीखाली तारीखही घातली: खुर्दाद, अकरा. शाईवर वाळू टाकली, फुंकली, आणि ते जेवायला उठले.

गोजरबाई पायरीवरून हलली नव्हती. तिनं कमरेची चंची सोडली आणि साऱ्याची पावती काढून रंगोपंतांपुढं ठेवली.

"घाला नाव."

"कसलं नाव?"

"यादीत. दवंडीत काय म्हणला कचरूदादा? आजपासून पंधरा रोज. आज पह्यलाच रोज हाय. मी आले."

"अगं, ती दवंडी बहमनमधली होती!" रंगोपंत हसले.

"असं व्हय? मंग साहेबाला सांगा तसं लिहायला. बहमनातली दवंडी खुर्दादात दिली म्हणून."

रंगोपंतांचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी पेशकारांकडं पाहिलं. पेशकारांनी आपल्या सहीकडं पाहिलं, मग तारखेकडं. गोजरबाईच्या मागं तोवर रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात पावती, आणि अंगठ्याला अजून ओली शाई.

"लिख लो, पंतजी," पेशकार खाली बसत म्हणाले. "जल्दी."

देशमुखांकडचं जेवण गार झालं.

पुढं आषाढात सरकारनं सभेत उत्तर वाचलं: सदर गावी दवंडी रीतसर दिली गेली, रयतेनं ती ऐकली, आणि नावंही नोंदवली गेली, मेंबरसाहेबांची शंका निराधार आहे. वकीलसाहेब शरमून खाली बसले. त्या सालात सभेत सरकारनं दिलेल्या सगळ्या उत्तरांमध्ये हे एवढं एकच अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते गोजरबाईनं खरं करून ठेवलं होतं.